वाघजाईपाशी भेटलेल्या काका-काकूंचे मनापासून आभार

रविवारी वरंधा घाटात, वाघजाई मंदिराजवळ हँडल लॉक काढताना बाइकची चावी वाकली. मी पक्कड घेऊन ती सरळ करायला निघालो, तोच भजीच्या टपरीवरच्या काकूंनी अडवलं, "मोडली तर तुकडा आत राहील रे बाळा!" शेजारच्या काकांनी चावी फळीवर आडवी ठेवली, वर फडकं धरलं आणि हलक्या हाताने ठोकत ठोकत सरळ केली. वाकलेल्या जागी केसाएवढी चीर दिसत होती. "भोरपर्यंत जाशील, पण पहिली डुप्लिकेट कर," असं बजावलं त्यांनी. भोरला चावीवाल्या दादांनी दुकान बंद करता करता पुन्हा उघडलं, कानशीने दाते घासून दोन चाव्या दिल्या. काकू, चहाचे पैसेही घेतले नाहीत तुम्ही. तुम्हा तिघांचे खूप खूप आभार.