बाटली तशीच, माल निराळा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या पुरवणीत घरच्या घरी जेल नेल्स, म्हणजे लॅम्पच्या उजेडात कडक होणाऱ्या जेलची नखं, कशी करावीत यावरचा लेख वाचला. फोटो सुरेख होते. लॅम्प, बेस कोट, रंग, टॉप कोट हे सगळं ‘ऑनलाइन सहज मिळतं’ असं त्यात एक वाक्य आहे. लेखिकेला ती सोय वाटली. मला त्या ‘सहज’बद्दलच लिहायचं आहे.

मी सोळा वर्षं नखांचं काम करते. पण हे पत्र अनुभवाच्या जोरावर लिहीत नाही. माझ्या हातून एक चूक झाली, म्हणून लिहिते आहे.

माझ्याकडे नेमाने येणाऱ्या एकीला बाळंतपणानंतर घराबाहेर पडणं जमेना. ‘ताई, तुमच्याकडच्या दोन बाटल्या आणि तो जुना लॅम्प द्या ना, तुमचं बघून बघून मला येतं आता.’ मी दिलं. पैसेही घेतले. बाटलीवर ‘केवळ व्यावसायिक वापरासाठी’ असं छापलेलं होतं. आम्ही दोघींनी ते वाचलं आणि हसलो.

काही महिन्यांनी तिच्या पापण्या सुजल्या. डोळ्यांत थेंब घालून झाले, साबण बदलून झाला, उशीचे अभ्रे बदलून झाले. नखांचा संशय कोणाला यावा? पण हात दिवसभरात चेहऱ्याला किती वेळा लागतो ते एकदा मोजून बघा, आणि पापणीची कातडी तर अंगावरची सगळ्यात पातळ. पुढे बोटांची टोकं लाल होऊन फुटायला लागली, तेव्हा त्वचारोगतज्ज्ञांनी पाठीवर पट्ट्या लावून ॲलर्जीची पॅच टेस्ट केली. निघालं हेमा. नाव एखाद्या शेजारणीचं वाटतं, पण हे हायड्रॉक्सीएथिल मेथाक्रिलेटचं लघुरूप आहे. जेलच्या कितीतरी बाटल्यांत ते असतं.

घोटाळा बाटलीपासून सुरू होतो. साध्या नेलपॉलिशची बाटली आणि जेलची बाटली दिसायला एकच: तेवढीच उंची, तेच झाकण, तोच ब्रश. साधं नेलपॉलिश वाळतं म्हणजे त्यातलं द्रावक उडून जातं आणि रंग मागे राहतो. जेल वाळत नाही. लॅम्पच्या उजेडात त्याचे सुटे रेणू एकमेकांना जोडले जाऊन त्याचं प्लास्टिक होतं; आम्ही त्याला ‘क्युअर होणं’ म्हणतो. म्हणजे नखावर एक रासायनिक प्रक्रिया चालू असते. ती अर्धवट राहिली तर जोडले न गेलेले रेणू तिथेच राहतात, आणि ते कातडीत शिरतात.

अर्धवट राहायला फार काही लागत नाही. मी तिला दिलेला लॅम्प ट्यूबचा होता. ट्यूब वापरून जुन्या झाल्या की उजेड दिसायला तसाच निळा असतो, जोर मात्र गेलेला असतो. एका जेलला एका तरंगलांबीचा उजेड लागतो, दुसऱ्याला दुसऱ्या. कुठलाही लॅम्प कुठल्याही बाटलीला चालत नाही. गडद रंग जाड लावला तर उजेड तळापर्यंत पोहोचतच नाही. वरून टकटक वाजणारं कडक नख आतून कच्चं असतं आणि डोळ्याला ते कळत नाही. शिवाय टॉप कोटनंतर बऱ्याचदा वर एक चिकट थर राहतो. हवेतल्या ऑक्सिजनमुळे तेवढा भाग जुळत नाही, म्हणजे तोही कच्चाच माल. ती तो बोटानेच पुसत होती. आम्ही नखाच्या कडेला केसभर जागा सोडतो, जेल कातडीला लागू देत नाही. तिचा रंग कडेला पसरायचा आणि ती तो तसाच लॅम्पखाली धरायची. मी सोळा वर्षं हातांनी जे करत आले, ते तिने डोळ्यांनी पाहिलं होतं. केसभर जागा नुसत्या डोळ्यांना दिसत नाही.

ही ॲलर्जी एकदा जडली की बहुधा जन्माची सोबत करते. पुढे तिची दाढ भरायची वेळ आली, तेव्हा दंतवैद्याला आधी सगळं सांगावं लागलं, कारण दाताच्या रंगाचं जे मिश्रण उजेड दाखवून कडक करतात, त्यातही याच कुळातली रसायनं असतात. सांधे बदलताना वापरतात ते बोन सिमेंटही त्याच घराण्यातलं. हे तिने मला फोनवर सांगितलं, अगदी शांतपणे. रागावली असती तर बरं वाटलं असतं.

तिच्या एकटीच्याच नशिबी हे आलं असंही नाही. अमेरिकेतल्या त्वचाविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१२ साली ॲक्रिलेट्सना, म्हणजे हेमा ज्या गटातलं त्या रसायनांना, ‘वर्षातलं ॲलर्जन’ (ॲलर्जी आणणारा पदार्थ) ठरवलं होतं. ब्रिटनमधल्या त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ मध्ये इशारा दिला. तिथे पॅच टेस्ट केलेल्या रुग्णांपैकी २.४ टक्क्यांना या गटातल्या एका तरी रसायनाची ॲलर्जी निघाली होती. युरोपीय संघाने २०२१ पासून हेमा असलेली नखांची उत्पादनं व्यावसायिकांपुरती ठेवली आणि तसं बाटलीवर छापायला लावलं.

पण छापणं वेगळं आणि विकताना विचारणं वेगळं. ती ओळ मीही विकली आहे. संकेतस्थळावर तर हसायलाही समोर कोणी नसतं. बाटली टोपलीत टाका, पत्ता भरा, झालं. ‘व्यावसायिक दर्जा’ हे शब्द तर तिथे जाहिरातीसारखे वापरतात, जणू काही जास्त चांगला माल मिळतोय. ‘हेमा-फ्री’ लिहिलेलं असलं तरी निर्धास्त होऊ नये. त्याची भावंडं आत असतातच.

‘धंदा जाईल म्हणून बोलतेस’ असं मला तोंडावर सांगणारे आहेत. धंदा प्यारा आहेच, नाकारत नाही. आणि पार्लरमध्ये सगळं आलबेल असतं असंही मी म्हणणार नाही. लेटेक्सच्या हातमोज्यांतून ही रसायनं चटकन आरपार जातात, तरी तेच घालून काम करणाऱ्या मुली मी पाहिल्या आहेत, आणि सुरुवातीला मीही त्यांतलीच होते. पण पार्लरमधल्या त्या मुलींना निदान कोणीतरी शिकवणारं, टोकणारं असतं.

माझं म्हणणं एवढंच की व्यावसायिक बाटली सुटी विकताना प्रशिक्षणाचा दाखला मागावा, दुकानात आणि ऑनलाइनही. घरी करायचंच असेल तर त्यासाठी वेगळं बनवलेलं जेल त्याच्या स्वतःच्या लॅम्पसह एकाच खोक्यात द्यावं, आणि किती सेकंद, किती पातळ, कातडीला लागलं तर काय करायचं हे वाचणाऱ्याच्या भाषेत लिहावं. आपणही त्या लेखाखाली चार ओळींची चौकट छापावी. जेल ओढून सोलू नये, त्याबरोबर नखाचे पापुद्रे निघतात, आणि बोट किंवा पापणी खाजायला लागली तर आधी जेल थांबवावं, हे तरी त्यात असू द्या.

आपली,
नखांचं काम करणारी एक वाचक

ता. क. – माझं नाव छापू नये. तिला हे सगळं माहीत आहे, ती मला अजूनही ताईच म्हणते. माझ्याकडे शिकणाऱ्या मुलींना मात्र मी अजून सांगितलेलं नाही.