जीव कधी येतो? शास्त्रांचंही एकमत नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गर्भपातावरून तुमच्या वाचकांच्या पत्रांत सध्या चांगलीच जुंपलीये. एका गृहस्थांनी तर ठणकावून लिहिलंय की आपल्या धर्मात गर्भ राहिला त्या क्षणापासून जीव मानलाय, विषय संपला. अहो, एवढ्यात कसा संपेल?

चरकसंहिता त्यांच्या बाजूने आहे हे मान्य. पुरुषाचं शुक्र, बाईचं शोणित आणि जीव कुशीत एकत्र आले की त्याला गर्भ म्हणायचं, असं चरक सांगतो. पण सुश्रुत म्हणतो चौथ्या महिन्यात हृदय स्पष्ट होतं, तेव्हा चेतना दिसायला लागते आणि म्हणून बाईला डोहाळे लागतात. आणि गर्भोपनिषद उघडलं तर तिथे जीवाचा संयोग थेट सातव्या महिन्यात! सुश्रुतसंहितेत तर गर्भाचा कुठला अवयव आधी तयार होतो यावरच वाद दिलाय, शौनक म्हणतो डोकं, कृतवीर्य म्हणतो हृदय, पाराशर्य म्हणतो नाभी, मार्कंडेय म्हणतो हातपाय, आणि शेवटी धन्वंतरी सांगतो की सगळं एकदमच होतं, फक्त बारीक असतं म्हणून दिसत नाही. म्हणजे ही माणसं मस्तपैकी वाद घालत होती, आणि आपण मात्र व्हॉट्सॲपवर आलेला एक श्लोक फॉरवर्ड करून मोकळे.

सोयराचं, म्हणजे जन्मानंतर पाळायच्या सुतकाचं घ्या. धर्मशास्त्रात चार महिन्यांपर्यंत गर्भ गेला तर गर्भस्राव, पाचव्या-सहाव्यात गर्भपात आणि त्यापुढे प्रसूती, आणि त्या त्या हिशोबाने सोयर वेगळं. मुळात पहिल्या दिवसापासून पूर्ण माणूस मानला असता तर या पायऱ्या कशाला केल्या असत्या? हां, भ्रूणहत्या महापाप हेही याच परंपरेत सांगितलंय, ते मी लपवत नाही. दोन्ही आहे. म्हणून तर म्हणतो एकच ओळ काढून दाखवू नका.

आणि हे फक्त आपल्याकडेच नाही. इस्लाममध्ये बरेच विद्वान 120 दिवसांनी रूह, म्हणजे आत्मा, येते म्हणतात, काही 40 दिवस धरतात. ज्यूंच्या तालमूद या धर्मग्रंथात पहिले 40 दिवस गर्भ म्हणजे नुसतं पाणी. कॅथलिक चर्च आज गर्भधारणेपासून म्हणतं, पण त्यांचाच मध्ययुगातला मोठा धर्मपंडित थॉमस ॲक्वायनस आत्मा नंतर येतो असं मानायचा.

बरं, ज्यांना जीव पहिल्या क्षणापासून पवित्र वाटतो त्यांनी जरा बीड आठवावं. 2011 च्या जनगणनेत तिथे 0 ते 6 वयात हजार मुलांमागे 807 मुली होत्या. तेव्हा हे श्लोक कुठे होते? सोनोग्राफीच्या बाहेर रांगेत उभ्या असलेल्या घरांतही पोथ्या होत्याच की.

आपला 1971 चा गर्भपाताचा कायदा जीव कधी येतो या भानगडीत पडलाच नाही, त्याने आठवडे धरले. 2008 मध्ये मुंबईतलं एक जोडपं बाळाच्या हृदयात दोष आहे म्हणून हायकोर्टात गेलं, पण कायद्याची वीस आठवड्यांची मर्यादा उलटून गेलेली, परवानगी मिळाली नाही. 2021 मध्ये ठराविक महिलांसाठी मर्यादा 24 आठवडे झाली, आणि बाळात गंभीर व्यंग असेल तर मेडिकल बोर्डाच्या मतावर त्यापुढेही. तरी ऑक्टोबर 2023 मध्ये सुप्रीम कोर्टात 26 आठवड्यांच्या एका केसमध्ये आधी परवानगी मिळाली, मग दोन न्यायाधीशांचं एकमत होईना, शेवटी तीन जणांच्या बेंचने नाही म्हटलं. त्या बाईला आधीच दोन मुलं होती, बाळंतपणानंतरच्या मानसिक त्रासासाठी तिची औषधं चालू होती, आणि सगळा देश टीव्हीवर तिच्या पोटाबद्दल बोलत होता.

नियमानुसार अर्ज आल्यापासून तीन दिवसांत बोर्डाने मत द्यायचं असतं. आठवडे मोजून चाललेल्या बाईला एकेक दिवस किती जड असतो ते कुणालाही कळेल. तर तुमच्या बातमीदारांनी एकदा जिल्ह्याजिल्ह्यातल्या बोर्डांकडे जाऊन बघावं की ते तीन दिवस खरंच पाळले जातात का. ती बातमी आली तर ती चारचौघांत वाचायला मला शास्त्रार्थापेक्षा जास्त आवडेल.

आपला,
एक नियमित वाचक, सांगली