शनिवारची इंडियाना ट्रिप – परत एकदा आठवण

मंडळी, शनिवारी सकाळी ९ ला पेन हिल्सच्या बालाजी मंदिराच्या पार्किंगमध्ये जमायचंय, ९ म्हणजे ९, आपले नेहमीचे साडेनऊ नाही 🙏 आणि प्लीज मॅपवर नुसतं इंडियाना टाकू नका, ते तुम्हाला इंडियाना स्टेटला नेऊन सोडेल, आपल्याला पेनसिल्वेनियातल्या इंडियाना गावी जायचंय, साधारण तासाभराचा रस्ता, रूट २२ ने.

हॉलिवूडचा जुना नट जिमी स्टुअर्ट याच गावचा, त्याचं म्युझियम छोटंसंच आहे, तिथल्या लायब्ररीच्या बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर, १९९५ ला सुरू झालेलं. सिनेमाची पोस्टर्स आहेतच पण मला विचाराल तर खरी मजा त्याच्या दुसऱ्या महायुद्धातल्या वस्तूंची, कारण हा माणूस ऑस्कर मिळाल्यावर १९४१ मध्ये सैन्यात गेला, बॉम्बर चालवत २० मोहिमा केल्या आणि पुढे हवाई दलाच्या रिझर्व्हमध्ये (राखीव दलात) ब्रिगेडियर जनरल झाला. आणि ते ऑस्कर? वडिलांचं गावात हार्डवेअरचं दुकान होतं, त्यांनी ते तिथे दुकानातच मांडून ठेवलं, खिळे घ्यायला आलेल्या गिऱ्हाईकाला पोराचं कौतुक फुकट! आपले बाबा तरी वेगळं काय करतात म्हणा.

आत जुन्या पद्धतीचं छोटं थिएटर आहे, मुलांना तिथे बसवता येईल. नंतर कोर्टहाऊससमोरच्या त्याच्या पुतळ्यापाशी ग्रुप फोटो, तो ७५ वर्षांचा झाला तेव्हा १९८३ मध्ये बसवलेला.

डबे घरूनच आणा. गाडीत जागा असेल त्यांनी आज रात्रीपर्यंत इथे लिहा, नुसता अंगठा नको, किती सीट ते सांगा.