आजाराबद्दल, एकदाच नीट सगळं

आई-बाबा,

फोनवर आई रडायला लागली की माझं सांगायचं राहूनच जातं, म्हणून लिहितेय. मला झालेला हा बेहचेट नावाचा आजार कोणाला लागत नाही आणि हा कॅन्सरही नाही, आत्या काय वाट्टेल ते सांगते. आणि आई, तू तिखट खायला घातलंस म्हणूनही झालेला नाही. माझं सारखं तोंड यायचं तेव्हा आपण उष्णता समजून सब्जा आणि गुलकंद करत बसलो, आता डोळा लाल होऊन धूसर दिसायला लागलं तेव्हा कुठे इथल्या डॉक्टरांना शंका आली. त्यांनी पहिलं काय विचारलं असेल, तर घरचे मूळचे तुर्कस्तान किंवा इराणचे का! म्हटलं, नाही हो, सातारा. मग हातावर सुई टोचली आणि दोन दिवसांनी बघितलं तर तिथे लाल पुटकुळी, ही पण एक टेस्टच असते.

बेहचेट हे नाव एका डॉक्टरांचं. इस्तंबूलच्या हुलुसी बेहचेट नावाच्या त्वचारोगतज्ज्ञांनी 1937 मध्ये तोंडातले फोड, नको त्या जागचे फोड आणि डोळ्यांची सूज हा सगळा एकच आजार आहे असं मांडलं. आपलीच प्रतिकारशक्ती उलटते आणि रक्तवाहिन्या सुजतात.

बाबा, हे तुमच्यासाठी, नकाशा काढा. जपान, कोरिया, चीन, इराण, तुर्कस्तान, जुना रेशीम मार्ग जिथून जायचा साधारण त्याच पट्ट्यात हा जास्त सापडतो, म्हणून याला सिल्क रोडचा आजार पण म्हणतात. या आजाराशी जोडलेला एचएलए-बी51 नावाचा जीन व्यापारी आणि टोळ्यांबरोबर पसरला असावा असा तर्क आहे, पण मला तो अर्धाच पटतो, कारण हा जीन असलेल्या बहुतेकांना काहीच होत नाही, आणि हवाईला गेलेल्या जपानी लोकांत तर हा फारसा दिसलाच नाही. इथे जर्मनीतल्या तुर्की लोकांत तुर्कस्तानपेक्षा कमी, पण जर्मनांपेक्षा कितीतरी जास्त. म्हणजे हवापाणी, जंतू, काहीतरी अजून लागतंच. त्यामुळे कोणाच्या घराण्याकडून आलं यावर तुम्ही दोघं भांडू नका प्लीज.

गोळी कोल्चिसिन चालू आहे, बाबांना गाऊटला दिली होती तीच, शिवाय डोळ्यासाठी स्टेरॉईड. डोळे मात्र सारखे तपासायला लागणार, तिथे हयगय केली तर नजर जाऊ शकते, म्हणून सध्या तिकडे यायचं पुढे ढकललंय. आणि आई, स्टेरॉईडने गाल सुजलेत, व्हिडिओ कॉलवर बघून तब्येत सुधारली म्हणू नकोस!

तुमची,
चिऊ