दरमहा शेकडा तीन

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

बुधवारी रात्री तू भरल्या ताटावरून उठून गेलास, त्याला आज चार दिवस झाले. "गणितात पहिल्या येणाऱ्या मुलाला एवढेही कळू नये?" असे मी म्हणाले होते. ते वाक्य मी मनातल्या मनात अनेकदा मागे घेतले, आता कागदावरही मागे घेते. तू टेबलावर ठेवून गेलेली तुझ्या कर्जांची तिन्ही पत्रे मी वाचली आहेत. काही विचारायचे नाही असे ठरवून लिहायला बसले, तरी विचारते: तीनच आहेत ना?

वरच्या वर्गांसाठी कर्जावर चार पाठ लिहून द्यावेत, असे शाळेने मला गेल्या महिन्यात सांगितले होते आणि मी ते आनंदाने स्वीकारले होते. गुरुवारी त्यासाठी जुनी वही काढली. मुद्दल, दर, मुदत, रास. याच टेबलाशी बसवून मी तुला द.सा.द.शे. दराने चक्रवाढ व्याज काढायला शिकवले होते आणि ताईपेक्षा तू ते लवकर शिकलास. पण माझ्या एकाही उदाहरणातला माणूस दर महिन्याला थोडे फेडून पुन्हा थोडे घेत नव्हता. तो एकदा कर्ज घेई आणि मुदत संपली की सारी रास एकदम परत करी. त्याला विलंब शुल्क नव्हते आणि 'किमान देय रक्कम' हे शब्द त्याने कधी वाचलेले नव्हते.

तुझ्या पहिल्या, क्रेडिट कार्डाच्या पत्रातला दर दरमहा शेकडा 3 आहे. तीन हा आकडा डोळ्यांना लहान वाटतो, पण वर्षभराच्या चक्रवाढीने तो जवळजवळ 42.6 टक्के होतो. त्या रात्री झोप येईना म्हणून मी हिशेब मांडला. थकबाकी 100 धरली, नवा खर्च शून्य आणि दर महिन्याला थकबाकीच्या 5 टक्के एवढी किमान रक्कम अगदी वेळेवर भरली, असे मानले. बारा महिन्यांत 55 भरले जातात आणि तरीही 77 देणे उरते. तू एकही तारीख चुकवली नाहीस, हे त्या विवरणपत्रांवरून दिसते. वेळेवर भरतो आहोत म्हणजे फिटते आहे, असे तुला वाटले असणार, आणि तसे वाटणे हा मूर्खपणा नव्हे. हा हिशेब मी 31 वर्षांत एकदाही फळ्यावर मांडला नाही. दुसऱ्या पत्रातले 12 टक्केही तसेच: फेडलेल्या मुद्दलावरही अखेरपर्यंत व्याज लावत राहिले, तर मासिक हप्त्यांनी फेडायच्या एका वर्षाच्या कर्जावर खरा दर साडेएकवीसच्या आसपास जातो.

पाठांच्या निमित्ताने मी बरेच वाचले. लुसार्डी आणि मिचेल या दोन अर्थतज्ज्ञ स्त्रियांनी 2004 मध्ये लोकांची आर्थिक समज मोजण्यासाठी व्याज, महागाई आणि जोखमीची विभागणी (सगळे पैसे एकाच ठिकाणी न गुंतवणे) यांवर तीन प्रश्न तयार केले. तिन्हींची उत्तरे तू क्षणात दिली असतीस. 2014 मध्ये आर्थिक शिक्षणावरचे 201 अभ्यास एकत्र तपासले गेले, तेव्हा लोकांच्या पैशांबाबतच्या वागण्यात जो फरक दिसतो त्यातला जेमतेम 0.1 टक्काच अशा शिक्षणामुळे उलगडतो आणि शिकवलेले काळाबरोबर विरते, असे आढळले. 2022 मध्ये 76 प्रयोग एकत्र पाहिल्यावर चित्र अधिक आशादायक निघाले, म्हणून मी पाठ सोडून देणार नाही. मात्र माझे मत पक्के झाले आहे: हे ज्ञान सही करण्याच्या दिवशी माणसाच्या हाताशी असले पाहिजे, वर्गात सूत्राच्या आधी खरे विवरणपत्र वाचायला दिले पाहिजे, आणि पहिले कर्ज फेडायला दुसरे घेण्यापूर्वी कोणाला सांगायचे, यासाठी एक पूर्ण पाठ ठेवला पाहिजे. मामाच्या वेळी घरात व्याज सगळ्यांनाच काढता येत होते. त्याने सांगितले मात्र घर गेल्यावर. म्हणूनच पुन्हा विचारते, चौथे कुठे नाही ना?

यापुढे सर्वांत जास्त दराचे देणे आधी फेड, बाकीच्यांचे हप्ते चुकवू नकोस, कार्ड बाबांच्या कपाटात ठेव, अंथरूण पाहून पाय... क्षमा कर, मी पुन्हा वर्गात शिरले.

तू दुसरीत असताना ताईच्या डब्यातून पैसे उसने घेतले होतेस आणि वहीच्या शेवटच्या पानावर 'ताईचे 7 देणे' असे ठळक अक्षरांत लिहिले होतेस. फिटल्यावर त्यावर रेघ मारून ते पान तू घरभर दाखवत फिरलास, पाहुण्यांनाही दाखवलेस. ते पान माझ्याकडे आहे. देणे लपवायचे असते, हे तू कधी आणि कोणाकडून शिकलास, याचा विचार करताना मला माझे बुधवारचे वाक्य आठवते आणि भीती वाटते.

येत्या रविवारी ये. बाबा काही बोलणार नाहीत, तसे त्यांनी कबूल केले आहे. माझी ठेव पुढच्या महिन्यात मुदतीला येते. त्यातून कोणते देणे आधी मिटवायचे, हे सर्व दर शेजारी शेजारी मांडल्यावरच ठरवता येईल, आणि एखादे जरी राहून गेले तरी तो क्रम चुकेल. तेव्हा सगळी विवरणपत्रे घेऊन ये, आणि चौथे असेल तर तेही त्यांतच ठेव.

तुझी,
आई