ताई, माझं पान मोडून दाखवल्याबद्दल

प्रिय ताई,
सप्रेम नमस्कार.

लिंक छोटी करून देणारं माझं वेबपान तुम्ही पाहिलंत, त्याला महिना होऊन गेला. तेव्हा घाईत 'थँक्यू' म्हणून मोकळी झाले आणि मग मनाला लागून राहिलं. म्हणून हे पत्र. सगळ्यांसमोर लिहितेय, कारण याच खड्ड्यांत आणखी कुणी पडलेलं असणार.

लिंक टाका, बटण दाबा, छोटी लिंक घ्या. काम एवढंच, तेही साध्या जावास्क्रिप्टमध्ये. मी तर पान झालं असं धरूनच चालले होते. तुम्ही बसल्या बसल्या पाचशे अक्षरांची लिंक चिकटवलीत, खिडकी ३२० पिक्सेलपर्यंत आवळलीत आणि अख्खं पान आडवं सरकायला लागलं.

मी लगेच मीडिया क्वेरी, म्हणजे खिडकीच्या रुंदीप्रमाणे मांडणी बदलणारा नियम, लिहायला घेतली. तुम्ही म्हणालात, "आधी कोण ढकलतंय ते बघ." ढकलत होती ती लिंकच. तिच्यात स्पेस नसते, म्हणजे ओळ मोडायला धड जागा नाही; आणि फ्लेक्स नावाच्या मांडणीतला डबा आपणहून आतल्या मजकुरापेक्षा अरुंद होत नाही. 'ओव्हरफ्लो-रॅप'ला 'एनीव्हेअर' दिलं, म्हणजे गरज पडली तर कुठेही ओळ मोड असं सांगितलं, आणि पान जागेवर बसलं. एका ओळीत! माझ्या तीस ओळी तशाच पुसल्या.

मग तुम्ही मुद्दाम नुसतं 'अबक' लिहून बटण दाबलंत. सर्व्हरने ४००, म्हणजे 'मागणीच चुकीची' असा कोड, पाठवला आणि माझं पान ऐटीत म्हणालं, 'तुमची छोटी लिंक: अनडिफाइन्ड', म्हणजे लिंकच नाही. "पण मी चूक पकडायला कॅच लिहिलाय की!" मी जवळजवळ भांडलेच. त्यावर तुम्ही म्हणालात, "सर्व्हर नाही म्हणाला, तरी उत्तर तर आलंच ना?" सर्व्हरकडून उत्तर आणणाऱ्या फेचच्या लेखी नेटवर्क तुटलं तरच चूक, ४०० काय, सर्व्हरच बिघडल्याचा ५०० काय, त्याला सगळं सारखंच. सर्व्हर हो म्हणाला का ते सांगणारं 'रिस्पॉन्स डॉट ओके' आपणच तपासायचं. हे वाक्य तेव्हापासून डोक्यात घर करून बसलंय.

कॉपीच्या बटणाचं कोडं तर मला एकटीला सुटलंच नसतं. लॅपटॉपवर चालायचं, फोनवर मुकं. लोकलहोस्टला, म्हणजे त्याच मशीनवर चालणाऱ्या पानाला, ब्राउझर सुरक्षित मानतो, पण फोनवरून मी लॅपटॉपचा आयपी पत्ता एचटीटीपीएसऐवजी साध्या एचटीटीपीने उघडत होते, आणि तिथे कॉपी करायला लागणारा क्लिपबोर्ड मिळतच नाही. मजकूर कोड म्हणून वाचणारं इनर-एचटीएमएल काढून तो नुसती अक्षरं म्हणून दाखवणारं टेक्स्ट-कंटेंट वापरायला लावलंत, तेही बरं केलंत.

एक तक्रार आहे. तुम्ही माझ्या कीबोर्डला एकदाही हात लावला नाहीत. त्या दिवशी फार राग आला होता.

ती पाचशे अक्षरांची लिंक मी जपून ठेवलीय. काल एका मित्राच्या पानात चिकटवली. त्याचंही सरकलं.

तुमची,
ज्युनिअर