काकू, तुमचं निळं पिंप

ती. काकूंस,
सा. न. वि. वि.

तुमचं निळं पिंप अजून आमच्या गॅरेजमध्येच आहे. दोनदा धुतलं, उन्हात पालथं घातलं, तरी झाकण उघडलं की मेतकुटाचा वास येतोच. ते परत करायच्या आधी हे पत्र. चारचौघांना वाचता येईल असं मुद्दाम लिहितोय, कारण गेल्या वर्षीची आमची फजिती सगळ्या मंडळात चघळून झाली, पण ती निस्तरली कोणी हे फक्त आमच्या घराला ठाऊक आहे.

गेल्या ऑगस्टमध्ये आम्ही पहिल्यांदा कनू (वल्ह्यांची हलकी होडी) घेऊन अल्गॉन्क्विन या कॅनडातल्या जंगली उद्यानाच्या आत गेलो. सोबत चाकं असलेला मोठा कूलर (आपल्याकडचा वाळ्याचा नव्हे, बर्फाची पेटी), त्यात पेट्रोल पंपावरून घेतलेल्या बर्फाच्या खड्यांच्या दोन पिशव्या, मसाला लावलेलं चिकन, पनीर, कोथिंबिरीची चटणी, ज्यूस. कनू लेक या तलावावरून जो लेकला जाताना फक्त २९५ मीटरचं पोर्टेज आहे, म्हणजे होडी आणि सामान उचलून चालायची वाट. नकाशावर ते करंगळीच्या नखाएवढं दिसतं. तिथल्या मुळं आणि दगडांवर चाकं काय कामाची! तो कूलर दोघांनी उचलून नेला, तेव्हा कड्या बोटांत अशा रुतल्या की पलीकडे पोचल्यावर वल्हं धरवेना.

पोरांनी ज्यूससाठी दिवसातून पंधरा वेळा झाकण उघडलं. दुसऱ्या संध्याकाळी आत बर्फ नव्हताच, कोमट पाणी होतं, आणि त्यात चिकनची फुटलेली पिशवी, पनीर आणि चटणी एकत्र पोहत होती. फेकणार कुठे? तलावात नाही, झाडीत नाही. वरून रात्री रकूननं (मांजराहून थोडा मोठा, हातांनी कड्या उघडणारा प्राणी) कूलरची कडी काढून पाव आणि चीज नेलं. बिचाऱ्यानं चिकनला हात लावला नाही, यावरून काय ते समजा. तिसऱ्या दिवशी तो वास कनूत मध्यभागी ठेवून आम्ही परत वल्हवत आलो.

हे मी तुमच्याकडे हळदीकुंकवाच्या दिवशी हसत हसत सांगितलं. तुम्ही हसला नाहीत. "बर्फ खड्यांचा होता की लादीचा?" एवढंच विचारलंत. चाळीस वर्षं कनू चालवणारी बाई आपल्या गल्लीत राहते आणि आम्हाला पत्ता नाही!

मग जुलैमधला तो शनिवार. माझी अपेक्षा होती की तुम्ही एखादी यादी द्याल. तुम्ही ओट्यावर सगळं मांडूनच ठेवलं होतंत. दुधाच्या रिकाम्या पिशव्या, त्या १.३३ लिटरच्या, ज्या आम्ही आजवर नुसत्या फेकत आलो, तुम्ही धुऊन वाळवून जपलेल्या. त्यात चिकन पातळ पसरून गोठवलेलं, पाटीसारखं. एकावर एक रचलेल्या त्या पाट्या, भोवती दुकानांच्या जाहिरातीच्या कागदांचे चार वेढे, मग मऊ थर्मल पिशवी, आणि ती पिशवी पिंपाच्या तळाशी. बाजूला गोठवलेल्या पाण्याच्या दोन बाटल्या. "वितळलं की प्यायचं. पाणी वाहायचंच आहे, तर गोठवून वाहा."

लादीचं कारण तुम्ही पोळ्या लाटता लाटता सांगितलंत. एक किलो बर्फ वितळताना ८० किलोकॅलरी उष्णता ओढून घेतो. तेच वितळलेलं पाणी पुढे एक अंश तापायला एकच किलोकॅलरी पुरते. म्हणजे वितळेपर्यंतच त्याची खरी नोकरी. खड्यांना चहूबाजूंनी ऊब लागते, म्हणून ते नोकरी लवकर सोडतात. मी इंजिनिअर आहे, काकू. हे मी परीक्षेत लिहून गुण मिळवले होते, आणि तरीही पंपावरून खडे आणले.

त्यावर मी शहाणपणा करून ड्राय आइसचं (गोठवलेल्या कार्बन डायऑक्साइडचं) नाव काढलं, तेव्हा तुमचं लाटणं थांबलं. उणे ७८ अंशांचा तो गोळा वितळत नाही, त्याचा थेट वायू होतो. आणि हे पिंप रबरी कडं आणि लोखंडी पट्टा आवळून हवाबंद केलेलं. "बाँब करायचाय का?" मी पुढचं सगळं गप्प ऐकलं.

पण खरी गंमत थंड ठेवण्यात नव्हतीच. पिंपाच्या वरच्या तीन चतुर्थांश भागाला थंडीची गरजच नव्हती. दुधात मळलेल्या गुळाच्या दशम्या, धपाटे, शेंगदाण्याची चटणी, मेतकूट, तूप, आणि तुमच्या वाळवणी यंत्रात खडखडीत वाळवलेली मटकीची उसळ. तासभर पाण्यात भिजवून उकळली की ती परत उसळ होते, हे मला डोळ्यांनी बघेपर्यंत पटलं नव्हतं. "आम्ही रत्नागिरीहून मुंबईला बोटीनं जायचो तेव्हा कुठे होता बर्फ?" असं म्हणून तुम्ही झाकणाच्या आत कागद चिकटवलात: पहिली रात्र चिकन, दुसरी पनीर, तिथून पुढे कोरडं. थंड पिशवी दिवसातून एकदाच, संध्याकाळी उघडायची. पोरांचा खाऊ वेगळ्या पिशवीत.

या वेळी पाच जण, चार रात्री, टॉम थॉमसन लेकपर्यंत. पिंप पाठीवर पट्ट्यांनी बांधून मी ते २९५ मीटर एकट्यानं चाललो, हात मोकळे. कनूत ते तळाशी, वर ओला पंचा. वारा लागला की पंचा माठासारखं काम करायचा; दर तासाला आमची मुलगी त्यावर तलावाचं पाणी मारायची आणि हे काम ती कोणाला करू देत नव्हती. दुसऱ्या संध्याकाळी पिशवी उघडली तर तुम्ही दिलेल्या छोट्या थर्मामीटरवर ३ अंश. ४ च्या वर गेलं आणि दोन तास झाले तर खायचं नाही, हा तुमचा दंडक, त्यामुळे तो आकडा बघून बायकोनं चक्क टाळ्या वाजवल्या. त्या रात्रीची पनीर भुर्जी घरी कधी तशी झाली नाही.

अस्वलाचं म्हणाल तर दिसलं नाही. पिंप वास दाबतं, अस्वलाला थोपवत नाही, हे तुमचं वाक्य मी रोज रात्री सगळ्यांना ऐकवलं. म्हणून ते रात्री झाडाला टांगायचं; त्यासाठी तुमच्या मागच्या मेपलवर तुम्ही माझ्याकडून सहा वेळा दोरी टाकून घेतली होतीत. जमिनीपासून चार मीटर वर, खोडापासून दोन मीटर लांब. तिथे तशी फांदी शोधण्यात पहिल्या दिवशी पाऊण तास गेला आणि भरलं पिंप वर खेचताना तिघांचे खांदे भरून आले. टूथपेस्ट, साबण, कचऱ्याची पिशवी, सगळं त्याच्यासोबत वर.

आता एक कबुली. तुमच्या तंबूला जे भोक पडलंय ते काट्यानं फाटल्यामुळे, असं मी फोनवर म्हणालो होतो. ते खोटं होतं. माझ्या जॅकेटच्या खिशात चिक्कीचा तुकडा राहिला होता, आणि तिसऱ्या दुपारी आम्ही पोहत असताना चिपमंकनं (खारीच्या जातीतला छोटा प्राणी) तंबू कुरतडून, जॅकेटचा खिसा कुरतडून तो शोधून काढला. आम्ही परतलो तेव्हा तो माझ्या उशीवर बसून दोन्ही हातांनी खात होता, गाल टम्म. सगळ्यांना नियम ऐकवणारा मी, म्हणून बायकोनं हे तुम्हाला मीच सांगायचं असं बजावलंय.

रविवारी पिंप घेऊन येतो. रिकामं आणायची आपल्यात पद्धत नाही; आत काय जाणार ते मला कळू दिलेलं नाही, पण सकाळपासून घरभर खोबरं भाजल्याचा वास आहे. तंबूही आणतोय. भोक डावीकडच्या कोपऱ्यात खाली आहे, ठिगळ आतून लावलंय.

तुमचा,
कोपऱ्यावरच्या घरातला